चौकातला पुतळा कोणी केला?

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, रागावू नका हं. तुमच्या गावच्या चौकात जो पुतळा उभा आहे तो कोणाचा, हे तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. पण तो केला कोणी? घडवणाऱ्याचं नाव काय? कशाचा केला, पैसे कोणी दिले, आणि आज त्याची निगा कोण राखतं?

नाही ना सांगता येत? मलाही येत नव्हतं. फोर्टातल्या एका कचेरीत मी बावीस वर्षं टायपिस्ट होते. सकाळी बोरीबंदरला उतरायचं, मान खाली घालून मस्टर गाठायचं, संध्याकाळी त्याच वाटेनं धावत येऊन गाडी पकडायची आणि बसायला मिळालंच तर मांडीवर रुमाल पसरून गवार मोडायची. वर बघायला फुरसत कोणाला होती? बघायचं राहून गेलं ते माझ्या भाचीनं दाखवलं.

ही माझ्या भावाची मुलगी. चित्रकलेच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे, आणि तिथेही तिनं शिल्पकला घेतली आहे. तिनं हे जाहीर केलं त्या रात्री आमच्या दादाकडे कोणी धड जेवलं नाही. वहिनींचं म्हणणं, "चित्रं काढायची तर काढ बाई, निदान शाळेत चित्रकलेची शिक्षिका तरी होशील. पण माती तुडवायची, लोखंड जोडायचं, हे मुलीच्या जातीला शोभतं का? आणि पोटापाण्याचं काय?" पहिला प्रश्न सोडून द्या, पण दुसरा खोटा नव्हता. तो माझ्याही मनात होता.

तर या मुलीला कॉलेजातून एक काम मिळालं. शहराचा एक भाग निवडायचा, तिथल्या सार्वजनिक कलाकृती पाहायच्या आणि प्रत्येकीबद्दल मी वर विचारले तेच चार प्रश्न सोडवायचे. सार्वजनिक कला म्हणजे काय, तर जी बघायला तिकीट काढावं लागत नाही ती. पुतळा, कारंजं, इमारतीवरचं कोरीव काम, भिंतीवरचं चित्र, सगळं त्यात आलं. रविवारी फोर्टात एकटी कशी जाईल म्हणून वहिनींनी मला बरोबर धाडलं. गुडघ्याला पट्टा बांधून मी निघाले, नाइलाजानंच.

आम्ही सुरुवात केली क्रॉफर्ड मार्केटपासून. आता त्याचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सुकामेवा घ्यायला मी तिथे किती वेळा गेले असेन! पण दारावरच्या कमानीत दगडात कोरलेली, गव्हाच्या शेतात राबणारी माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आत एक दगडी कारंजंही आहे. हे सगळं जॉन लॉकवुड किपलिंग यांनी योजलेलं. मंडईची इमारत १८६९ साली पुरी झाली. किपलिंग १८६५ साली समोरच्याच सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आले होते. त्याच वर्षी त्यांना इथे मुंबईत मुलगा झाला, तो रुडयार्ड, 'जंगल बुक'वाला. आणि ते जे. जे. स्कूल? सर जमशेटजी जीजीभाईंनी त्यासाठी एक लाख रुपये दिले आणि १८५७ साली ते सुरू झालं. त्या काळचे लाख रुपये हं!

मग बोरीबंदर. आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेली ही इमारत १८८८ साली पूर्ण झाली आणि २००४ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. तिच्या अंगभर जी दगडी पानं, फुलं, माकडं, मोर, नक्षी दिसते, त्यातलं कितीतरी काम जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. घुमटावर एक बाई उभी आहे, उजव्या हातात मशाल आणि डाव्या हाताशी चाक. ती म्हणजे 'प्रगती'. ती थॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराची. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघही त्याचेच. भाची वहीत लिहीत होती. मधेच थांबून म्हणाली, "आत्या, अर्पचं नाव पुस्तकात आहे. ज्या पोरांनी वर्षानुवर्षं छिन्नी मारली त्यांची नावं कुठे लिहू?" मी काय सांगणार? तिनं रकान्यात 'जे. जे.चे विद्यार्थी' असं लिहिलं आणि आम्ही पुढे निघालो.

फ्लोरा फाउंटन १८६४चं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, घडवणारा जेम्स फोरसिथ, दगड इंग्लंडातल्या पोर्टलंडचा. मुळात ते राणीच्या बागेसाठी होतं, बसलं इथे. आपल्याकडे एखादी वस्तू जुनी दिसायला लागली की रंगाचा हात मारायची खोड आहे ना, तसे या कारंज्यावरही पांढऱ्या रंगाचे थरावर थर चढले होते. दगडाला श्वासच घेता येईना. ते थर काढून, पाण्याच्या जुन्या नळ्या दुरुस्त करून २०१९च्या जानेवारीत ते पुन्हा खुलं झालं. घरातल्या जुन्या दगडी पाट्यावर, उंबऱ्यावर किंवा तुळशीवृंदावनावर ऑइलपेंट फासायचा विचार असेल तर जरा थांबा. दगडात शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट लागते. वाट बंद झाली की आतून पापुद्रे सुटायला लागतात.

तिथून चार पावलांवर, महात्मा गांधी रस्त्यावर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत आहे, १९३६ची. मी बावीस वर्षं तिच्याच सावलीतून जात होते. तिच्या अंगावर माणसापेक्षा मोठ्या आकृत्या कोरलेल्या आहेत. शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बायका. देवदेवता नाहीत, राजे नाहीत, कष्ट करणारी माणसं. हे काम ना. ग. पाणसरे यांचं. खरं सांगू? मी रस्त्याच्या कडेला उभी राहून मान दुखेपर्यंत बघत राहिले. बावीस वर्षं त्या बाया डोक्यावर सूत काततायत, आणि मी खाली छत्री सावरत चाललेय!

पुढे काळा घोडा. त्याची गंमत माहीत आहे? सातवा एडवर्ड राजा व्हायच्या आधी, युवराज असताना, त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला भेट दिला, १८७९ साली. शिल्पकार जोसेफ एडगर बोम. १९६५ साली तो तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आताच्या वीरमाता जिजाबाई उद्यानात नेला. घोडा गेला, पण नाव काही गेलं नाही. बावन्न वर्षं लोक नसलेल्या घोड्याच्या नावानं टॅक्सी थांबवत होते. २०१७ साली तिथे नवा घोडा आला, स्वार नसलेला, श्रीहरी भोसले यांनी घडवलेला. लहान मुलं त्याच्या पायाशी फोटो काढून घेत होती.

शेवट गेटवेला. तिथले अश्वारूढ शिवाजी महाराज २६ जानेवारी १९६१ रोजी उभे राहिले. ते सदाशिव साठे यांनी केलेले. दिल्लीच्या चांदणी चौकातला गांधीजींचा पुतळाही त्यांचाच, आणि तो केला तेव्हा त्यांनी तिशीसुद्धा गाठलेली नव्हती. २०२१ साली पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले. डोंबिवलीत त्यांचं शिल्पालय आहे. कल्याण-डोंबिवलीच्या मैत्रिणींनी मुलांना घेऊन एकदा जरूर जावं, मॉलमध्ये नंतर जाता येईल.

पुतळा होतो कसा?

मला वाटायचं, पुतळा म्हणजे मोठ्ठा साचा करायचा आणि धातू ओतायचा, झालं. तसं नाही बरं का. भाचीनं मला एका ओतशाळेत नेलं. ओतारी हा आपल्याकडचा जुना शब्द, धातू ओतणारा तो ओतारी. तिथे बघितलेलं मला स्वयंपाकघरातल्या भाषेतच सांगता येईल.

आधी लोखंडी सळ्यांचा आणि तारांचा सांगाडा. त्यावर माती चढवायची. गणपतीच्या शाडूसारखीच, पण टनावारी. ही माती वाळून चालत नाही, म्हणून भिजवलेल्या कणकेवर आपण ओलं फडकं टाकतो तशी रोज ओली फडकी गुंडाळायची. महिनोन् महिने. शिल्पकाराचं खरं काम या मातीत होतं. चेहरा, बोटं, कापडाच्या चुण्या, सगळं.

माती पसंत पडली की तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढतात, तुकड्यातुकड्यांनी. साच्याच्या आतून मेणाचा पातळ थर देतात. मेणाच्या आतल्या पोकळीत भरण घालतात. म्हणजे करंजीच समजा, मेण ही पारी आणि भरण हे सारण. बाहेरून पुन्हा जाड लेप द्यायचा आणि सगळं भट्टीत भाजायचं. मेण वितळून वाहून जातं, पारीच्या जागी पोकळी उरते, आणि त्या पोकळीत हजार अंशांच्या वर तापलेला धातू ओततात. म्हणून आतून पुतळा पोकळ असतो. भरीव केला तर वजन पेलायचं कोणी?

धातू म्हणजे नुसतं तांबं नव्हे. शंभरात पंच्याऐंशी भाग तांबं आणि जस्त, कथील, शिसं पाच-पाच भाग, हे प्रमाण बरंच वापरलं जातं. मग तुकडे जोडायचे, सांधे घासायचे, रसायनं आणि ज्योत वापरून रंग आणायचा आणि शेवटी मेणाचं पॉलिश. तो काळपट-तपकिरी रंग म्हणजे धातूचीच बदललेली कातडी असते, ती त्याला सांभाळते. बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकतं हे आपल्या आयांना ठाऊक होतं. आंबटानं तांबं सुटतं, तोच प्रकार इथे. म्हणून घरात जुन्या काशाची किंवा ब्राँझची मूर्ती असेल आणि तिला मुद्दाम आणलेला रंग असेल, तर तिला चिंच लावू नका. समई, तांब्या घासा खुशाल. मूर्ती मऊ कोरड्या फडक्यानं पुसा, फार तर मेणाचा हलका हात फिरवा.

सगळ्यात महत्त्वाचं काय असेल तर ते जे दिसत नाही ते, आतला आधार. लोखंड आणि ब्राँझ ओलाव्यात एकमेकांना लागले की लोखंड झपाट्यानं गंजतं, आणि समुद्राकाठी तर विचारूच नका. म्हणून आत स्टेनलेस स्टील वापरायचं, वाऱ्याचा हिशेब करायचा, पायाचे बोल्ट तपासत राहायचं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पस्तीस फुटी पुतळा कोसळला, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ४ डिसेंबर २०२३ला त्याचं अनावरण झालं होतं. नऊ महिनेसुद्धा भरले नव्हते. त्या दिवशी आमच्या वहिनी भाचीला म्हणाल्या, "बघ, असलं जोखमीचं काम!" आणि भाची म्हणाली, "म्हणूनच तर शिकायचं ना आई." मला ते उत्तर आवडलं. वहिनींना नाही आवडलं.

पोटापाण्याचं काय?

आता वहिनींच्या मुख्य प्रश्नाकडे येते. आपल्या महाराष्ट्रात सरकारी पुतळ्यांच्या कामात मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. पैसे हप्त्यानं मिळतात. करार झाला की काही, माती पसंत झाली की काही, ओतकामाला काही आणि पुतळा उभा राहिला की उरलेले. ऐकायला सोपं आहे. पण मधे कोणी समिती येते, एक म्हणतो नाक बदला, दुसरा म्हणतो तलवार उजवीकडे घ्या. हप्ता अडकतो, माती वाळायला लागते आणि मदतनिसांचा रोज तर चुकत नाही. म्हणजे शिल्पकाराला नुसती कला येऊन भागत नाही, त्याला कारखानदारही व्हावं लागतं.

तरी माणसं त्यातून उभी राहिली आहेत. अलिबागजवळच्या सासवण्याच्या विनायक पांडुरंग करमरकरांनी लहानपणी गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते ऑटो रॉथफिल्ड नावाच्या कलेक्टरनं पाहिलं आणि त्या मुलाला जे. जे.मध्ये पाठवलं. पुण्याच्या शिवाजी मिलिटरी स्कूलच्या आवारातला १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा याच करमरकरांचा, ओतलेला माझगाव डॉकमध्ये. आम्ही मुद्दाम गेटवेहून लाँचनं मांडव्याला उतरून सासवण्याला गेलो. त्यांचं घर हेच संग्रहालय आहे. तिथे सिमेंटची एक म्हैस बसली आहे. मी तिला वळसा घालून गेले हो, खरंच, शिंग लागेल म्हणून! हे सगळं इतकी वर्षं जपलं ते त्यांच्या सूनबाईंनी. शिल्पकाराच्या घरातल्या बाईचं काम कुठल्या पाटीवर येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आणि धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार. १९२५चा जन्म, सुताराचं घर. श्रीराम जोशी नावाचे गुरुजी भेटले, त्यांनी मुंबईला धाडलं. जे. जे.मधून १९५३ साली मेयो सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. पुढे वेरूळ-अजिंठ्याला पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. त्यांचं सुरुवातीचं गाजलेलं काम चंबळच्या गांधीसागर धरणावरचं आहे. नदी म्हणजे आई, तिच्याजवळ दोन मुलं. एक मध्य प्रदेश, एक राजस्थान. पंचेचाळीस फुटांची आई! गुजरातेतला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा याच सुतारांच्या हातचा, २०१८चा.

"सगळे पुरुषच की," असं तुम्ही म्हणाल. वहिनीही म्हणाल्या. मग मी त्यांना पिलू पोचखानवाला यांची गोष्ट सांगितली, जी मला भाचीनं सांगितली होती. १९२३चा जन्म. आधी जाहिरातीच्या कामात होत्या. १९५१ साली युरोपला गेल्या आणि तिथली शिल्पं पाहून हे वेड लागलं. त्या न्यू इंडिया इमारतीवरच्या पाणसऱ्यांकडे त्या शिकल्या. पुढे भंगारातलं लोखंड वेल्डिंगनं जोडून शिल्पं करू लागल्या. एवढ्यावर थांबल्या नाहीत. काळा घोड्याजवळचा कावसजी जहांगीर हॉल कलादालन व्हावा म्हणून वर्षानुवर्षं धडपडल्या. १९९६ साली तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं. त्या १९८६लाच गेल्या होत्या. वहिनी ऐकत होत्या. "वेल्डिंग?" एवढंच म्हणाल्या.

एका भिंतीची गोष्ट

आता घरचं सांगते. गेल्या उन्हाळ्यात भाचीला आणि तिच्या तीन मैत्रिणींना एका संस्थेनं बोलावलं. संस्थेचं नाव घेत नाही. चाळीस फूट लांब, आठ फूट उंच भिंत. त्यावर चित्र काढायचं. "मानधन देऊ," असं तोंडी ठरलं. पोरींनी आपापसांत वर्गणी काढून अकरा हजार चारशे रुपयांचा रंग आणला. नऊ दिवस उन्हात, परातीवर उभं राहून, म्हणजे ती बांबूची पहाड बांधतात ना, त्यावर. वहिनी डबा पाठवायच्या. मी लिंबू-सरबताची बरणी. चित्र झालं. नारळ फुटला, फोटो निघाले. आणि मानधनाचा विषय काढल्यावर उत्तर आलं, "अगं, तुम्हाला भिंत मिळाली ना सरावाला? प्रशस्तिपत्रक देतो की."

दोन महिन्यांनी मी त्या रस्त्यानं गेले तर चित्राच्या मधोमध नळ घालायला भिंत फोडलेली, आणि उरलेल्या भागावर कुठल्याशा क्लासची जाहिरात रंगवलेली. मी घरी येऊन भाचीला सांगितलं नाही. तिला दुसऱ्या कोणीतरी सांगितलं. ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

तेव्हा मला अमरनाथ सहगल यांची हकिकत कळली, आणि ती तुम्हालाही कळावी. दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांनी सरकारसाठी ब्राँझचं भित्तिशिल्प केलं. १९५७ साली काम सांगितलं, १९६२ साली पुरं झालं. एकशे चाळीस फूट लांब, चाळीस फूट उंच. शेतकरी, कारागीर, बायका, उत्सव, सगळा देश त्यात. १९७९ साली डागडुजीच्या निमित्तानं ते त्यांना न विचारता उतरवून गोदामात टाकलं. तुकडे हरवले, मोडले. पत्रं लिहून लिहून माणूस थकला आणि १९९२ साली कोर्टात गेला. २००५ सालच्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल दिला. उरलेलं शिल्प कलावंताला परत करा आणि पाच लाख रुपये नुकसानभरपाई द्या. सहगल तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. २००७ साली ते गेले.

हा निकाल कशाच्या जोरावर? १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७. आपली कलाकृती विकली, पैसे घेतले, हक्कसुद्धा लिहून दिले, तरी 'ही माझी' असं म्हणायचा हक्क कलावंताकडे उरतो. तिची मोडतोड करून त्याच्या नावाला बट्टा लागत असेल तर त्याला हरकत घेता येते. आणखी एक बारकावा. चौकातल्या शिल्पाचा फोटो कोणीही काढून छापू शकतो, कायद्यानं तशी मोकळीक दिली आहे. भिंतीवरच्या चित्राला ती सवलत तशी लागू होत नाही. म्हणजे कोणी तुमच्या लेकीनं रंगवलेल्या भिंतीचं कॅलेंडर छापून विकायला लागला, तर तिला विचारायचा हक्क आहे. कॉपीराइट कलावंताच्या हयातभर आणि पुढे साठ वर्षं.

पण कलम वाचून काय होतं, हातात कागद नसेल तर? तेरा वर्षं कोर्टात काढायची ताकद आपल्यात नाही. आणि मैत्रिणींनो, हे फक्त चित्र काढणाऱ्या मुलींचं आहे असं समजू नका. दिवाळीचा फराळ करून देणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या, रुखवताचं सामान करणाऱ्या आपण सगळ्याच याच चुकीत असतो. रव्या-तुपाचे पैसे धरतो आणि आपल्या तासांचे विसरतो. "घरबसल्या हौस म्हणून करते हो," असं आपणच म्हणतो, मग गिऱ्हाईकही तेच धरून चालतं.

तर भिंतीचा हिशेब कसा करायचा, तो आम्ही दोघींनी बसून शिकलो. भिंतीची लांबी-उंची मोजून चौरस फूट काढायचे. सामान वेगळं मांडायचं, म्हणजे भिंतीला खालचा हात, रंग, ब्रश, वरून वॉर्निश, पहाडीचं भाडं. आधी भिंत ओली आहे का बघायचं. ओल असेल तर चित्र सुरूच करायचं नाही, नाहीतर पावसाळ्यात पोपडे येऊन नाव तुमचंच खराब होईल. मग मजुरी, प्रत्येकीचे दिवस गुणिले रोज. मग आराखड्याचे वेगळे, कारण चित्र काय काढायचं हे ठरवण्यात डोकं गेलेलं असतं. आराखडा किती वेळा बदलून देणार तेही लिहायचं. दोनदा ठीक, तिसऱ्यांदा जादा पैसे. काम सुरू करायच्या आधी निम्मी रक्कम हातात. चित्रकाराचं नाव कोपऱ्यात राहील. भिंत पाडायची किंवा पुन्हा रंगवायची झाली तर महिनाभर आधी कळवायचं, म्हणजे निदान फोटो काढून ठेवता येतो. एवढं एका पानात बसतं. वकील लागत नाही, तारीख आणि दोन्हीकडच्या सह्या लागतात.

ज्यांच्या घरी अशी मुलगी किंवा मुलगा आहे त्यांना थोडं सांगते. शाळेतच एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा द्यायला लावा, त्या कला संचालनालय घेतं. बारावीनंतर चार वर्षांची पदवी, तिच्यासाठी प्रवेश परीक्षा असते. मुंबईचं जे. जे. सगळ्यांना ठाऊक आहे, पण नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी कला महाविद्यालयं आहेत, पुण्याला अभिनव आहे, पणजीला १९७२ पासून गोवा कला महाविद्यालय आहे, आणि बडोद्याचा कला विभाग १९५० पासूनचा, नावाजलेला. प्रवेश घेताना एकच गोष्ट मुद्दाम विचारा, की इथे मुलांना दरपत्रक लिहायला, करार वाचायला कोणी शिकवतं का? बहुतेक ठिकाणी हा प्रश्न ऐकून समोरचा जरा दचकतो. दचकू दे.

आमच्या भाचीचं तिसरं वर्ष तोंडावर आलं आहे. गेल्या महिन्यात एका शाळेच्या जिन्यातली भिंत तिच्याकडे आली. ती कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आत्या, तुझं टायपिंग चांगलं आहे, एवढं नीट मांडून दे." मी मांडून दिलं. रकमेच्या आकड्यापाशी आले आणि म्हटलं, "अगं, जरा जास्त नाही का होत?" वहिनी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नऊ दिवस डबा कोणी पोचवला होता? तोही धर त्यात."

मुख्याध्यापकांनी सही केली, निम्मी रक्कम दिली. डब्याचे पैसे मात्र भाचीनं शेवटी धरले नाहीत, आणि त्यावरून मायलेकींचं अजून चालू आहे.